घरात राहणारे

गृहकर्जाच्या अर्जात खाडाखोड झाली की शेजारी सही घ्यायची, ही बँकेतल्या खोतबाईंची तीस वर्षांची सवय. आजपासून सगळ्या बँकांना एकच नवा अर्ज: काचेवर तळहात ठेवला की मनातलं खरं आपोआप उमटायचं.

धनाजीनं आणि त्याच्या वडिलांनी हात ठेवले. ‘घरात राहणारे: तीन.’

“चुकलं, बाई. आम्ही नवरा-बायको, लेक आणि आबा. चौघं.”

आबांनी मान खाली घातली. “दोन खोल्यांत माझी अडगळ कशाला? मी जाईन गावाकडं.”

धनाजीनं आबांचा हात पुन्हा काचेवर ठेवला, वर आपला घट्ट दाबला. “आबा, तुमच्याशिवाय कुणासाठी घेतोय घर?”

बराच वेळ तीनच. मग हळूच चार.

खोतबाईंनी डोळे पुसले आणि सवयीनं पेन पुढं केलं. “दुरुस्ती झालीय, आबा. सही करा.”