बरणीतलं इंटरनेट

संगणकावर पुन्हा 'जोडणी नाही' असं उमटलं. शोभनाकाकू कर्णिकांनी नाकाला पदर लावून शेजारच्या बरणीत पाहिलं. घरात इंटरनेट आणणारा तो जिवंत गोळा आक्रसून राखाडी पडला होता आणि त्याला गटारासारखी घाण मारत होती. शी!

"त्याला खायला काय घालता, काकू?" कंपनीच्या माणसानं फोनवर विचारलं.

"एरवी बांगड्याची डोकी. आता श्रावण लागला, म्हणून दूधभात."

"अहो, दूधभातानं तो मरेल! थोडं मटण आणा."

"श्रावणात? माझ्या घरात? त्या गिळगिळीत मेल्यासाठी?" काकूंनी फोन आपटला.

पण तिकडे ऑस्लोत लेक बाळंत झाली होती आणि नातीचं तोंड अजून पाहायचं होतं. शेवटी काकूंनी बोटाला टाचणी टोचली, डोळे घट्ट मिटले आणि बोट बरणीत घातलं. गोळा लुचायला लागला. त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

पडदा उजळला. "बघ आई, तुझी नात!" लेक म्हणाली. तिच्या कुशीत शिरून नात चुटुचुटू दूध पीत होती. बरणीतूनही अगदी तोच आवाज येत होता. काकूंनी पुन्हा नाकाला पदर लावला, आणि पहिल्यांदाच दिसलेल्या नातीवरची नजर त्यांनी दुसरीकडे वळवली.