गाळलेलं पेट्रोल

धरणाच्या फुगवट्यात ऐन मध्यावर इंजिन पुन्हा खोकलं, दोनदा गुरगुरलं आणि गप्प झालं. होडी मागच्या जोरावर थोडी पुढं सरकली, मग तिनंही नाद सोडला.

प्रेमदासनं कुणाकडं न बघता दोरी ओढली. काठावरून निघताना हेच इंजिन कसं एका सुरात वाजत होतं. थोडं अंतर कापलं की त्याचा जोर जाई, आवाज फाटे आणि ते मरे. जरा थांबून दोरी ओढली की पुन्हा चालू, जणू मधल्या वेळात चहा पिऊन आलं. त्यानं प्लग काढून पुसला. इंजिन उचलून पंख्यात जाळ्याचा दोरा अडकलाय का ते पाहिलं. काही नव्हतं.

होडीत त्याच्याशिवाय तीन माणसं होती आणि आजच्या दिवशी तिघंही महत्त्वाची होती. कुरुंद्याचे सुदामराव आणि त्यांची बहीण जनकाबाई सुदामरावांच्या मुलासाठी ग्यानोबाच्या सपनाला बघून परत निघाले होते. मुलगी पसंत होती. जनकाबाईनं तर बांगडीचं मापही घेतलं होतं. पलीकडं डांबरी रस्त्यावर त्यांची जीप उभी होती आणि जीपमध्ये बसण्याआधी सुदामराव तारीख सांगणार होते. म्हणून ग्यानोबा पोचवायला आला होता. पांढरा शर्ट घालून, गुडघे जुळवून तो फळीवर बसला होता. मुलीचा बाप असाच बसतो, मग होडी असो की सोफा.

"तुमाला चालवता येतं ना हो हे?" सुदामरावांनी विचारलं.

तांड्यावर इंजिन चालवणारा प्रेमदास एकटा. त्यासाठी त्यानं तालुक्याला जाऊन प्रशिक्षण घेतलं होतं आणि प्रमाणपत्र देवांच्या तसबिरींशेजारी टांगलं होतं. असा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता.

"मशीनला काय धाड भरली न्हाई," तो म्हणाला. "पेट्रोलच खराब हाय. ह्यांनीच आणून दिलंय."

ग्यानोबा कामाला रोज नाक्यावर जाई आणि येताना होडीसाठी पेट्रोलचा कॅन भरून आणी. त्याच्या वाटेवरच पंप होता, म्हणून. आजवर तो उपकार होता. एका वाक्यात त्या उपकाराचा धंदा झाला.

"आज सकाळीच आणलं," ग्यानोबा म्हणाला. "सरळ पंपावरून." खरं बोलणारा माणूस अशा वेळी फार लंगडं बोलतो.

सुदामरावांचा हळदीचा व्यवहार होता. "पावडरीत पीठ मिसळणारा बी आमाला असंच सांगतो," ते म्हणाले. "सरळ गिरणीतून आणली म्हणून." जनकाबाई हसली नाही. तिनं मांडीवरची पिशवी जवळ ओढून घेतली.

प्रेमदासला इथं थांबता आलं असतं. पण आरोप एकदा केला की माणसाला पुराव्याची घाई होते. पाहुण्यांना वासच द्यावा म्हणून त्यानं टाकीचं झाकण फिरवलं.

टाकीनं श्वास घेतला. चांगला लांब, कोंडलेल्या माणसासारखा. पेट्रोलच्या नळीवरचा चेपून बसलेला रबरी फुगा टम्म झाला. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला, हवेच्या बारीक भोकावर, दुधाच्या पिशवीचा तुकडा नीट बसलेला दिसला.

तो प्रेमदासनंच बसवला होता. सकाळी भुरभुर लागली, पेट्रोलात थेंब जाऊ नये म्हणून. तांड्यावरच्या यच्चयावत मोटरसायकलींच्या झाकणाखाली पावसाळाभर असा तुकडा असतो, आणि गाड्या चढावर काहून बंद पडतात याची चर्चाही पावसाळाभर चालते. टाकीत हवा गेली नाही तर पेट्रोल बाहेर येणार नाही, हे प्रशिक्षणात सांगितलं होतं. तेव्हा प्रेमदासनं मान डोलावली होती.

त्यानं तुकडा मुठीत चुरगाळला.

"काय सापडलं?" सुदामरावांनी विचारलं.

"कचरा."

"पेट्रोलात?"

प्रेमदासनं दोरी ओढली. इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं आणि त्या आवाजात उत्तर द्यायची गरज उरली नाही. काठ येईपर्यंत ते एकदाही अडलं नाही. अडलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला आयुष्यात प्रथमच वाटलं.

उतरताना सुदामरावांनी त्याचा खांदा थोपटला. माणूस हुशार आहे, बराबर पकडलं, असं बहिणीला ऐकू जाईल इतपत म्हणाले. मग ग्यानोबाला जयभीम घातला. "घरी विचारतो," ते म्हणाले. "कळवतो." घरी विचारण्यासारखं कोण उरलं होतं कोण जाणे. विचारायची ती दोन्ही माणसं होडीतच बसून आली होती.

जीप वळेपर्यंत प्रेमदासला वेळ होता. एक हाक पुरली असती. त्यानं तोंड उघडलंही, आणि मग इंजिनाला काही झालंय का म्हणून वाकून पाहिलं. इंजिनाला काही झालं नव्हतं.

ग्यानोबा परत आला, पण होडीत चढला नाही.

"प्रेमदासभाऊ, तकलीफ दिली तुमाला," तो म्हणाला. "पावन्यांपुढं तुमचं बी हसं झालं. पंपावर आजकाल काय मिळून राहिलं, आपल्याला काय दिसतं?" बोलता बोलता त्यानं खांद्यावरचा कोरा गमछा काढून पुढं केला. "फुडच्या टायमाला ह्याच्यातून गाळून आणतो. जमंल का?"

प्रेमदासनं गमछा हातात घेतला, दोन बोटांत धरून पाहिला. दाट विणीचा होता.

"जमंल," तो म्हणाला.