डिकीवरची चार अक्षरं

विकलेली गाडी दुपारी चारला जाणार होती आणि बायको जेवणानंतर काही केल्या आडवी होत नव्हती. घड्याळजींची मोठी पंचाईत झाली. शेवटी त्यांनी तिला गाडीची कागदपत्रं शोधायला आतल्या खोलीतल्या कपाटाशी धाडलं. कागदपत्रं त्यांच्याच खिशात होती. नसलेली वस्तू शोधायला माणसाला निदान अर्धा तास लागतो आणि त्यांचं काम तेवढ्याचंच होतं.

डिकीच्या झाकणावरची चार चकचकीत अक्षरं काढायची होती. गाडीला मोठं इंजिन असलं की कंपनी ती अक्षरं लावते. घड्याळजींच्या गाडीचं इंजिन लहान होतं. अक्षरं त्यांनी स्वतः लावली होती, बावीस वर्षांपूर्वी, जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून आणून. तुझ्या बहिणीकडे आहे तशीच घेऊ, असं बायकोला कबूल केलं होतं आणि ऐन वेळी किंमत ऐकून त्यांचा धीर सुटला होता. फरक सगळा आत असतो, बाहेरून कळत नाही, असं त्यांनी तिला सांगून टाकलं. तेव्हापासून ती येणाऱ्याजाणाऱ्याला ‘आमची मोठ्या इंजिनाची’ म्हणून सांगायची आणि घड्याळजी आपल्या बुटांकडे बघायचे.

गाडी घेणारी नर्स हुशार निघाली. बॉनेट उघडल्याबरोबर तिच्या ध्यानात आलं. पण बोलली ती हळू आवाजात, बायको पाणी आणायला आत गेल्यावर. गाडी मला पसंत आहे म्हणाली, तेवढी अक्षरं काढून द्या. नाही ते मिरवायला मला जमत नाही. तिने चारचौघांत लाज काढली नाही, याबद्दल घड्याळजी मनोमन तिच्या पाया पडले. बावीस वर्षं झाकलेलं शेवटच्या दुपारी उघडं पडू नये, एवढीच आता त्यांची धडपड होती.

घड्याळं दुरुस्त करताना ओरखडा न येऊ देता नाजूक वस्तू सोडवण्यात त्यांची हयात गेली होती. पातं लावायचं नाही, हिसका द्यायचा नाही. गरम पाण्यात पिळलेलं फडकं अक्षरावर धरायचं, गोंद सैल पडेपर्यंत थांबायचं, मग मागून नायलॉनचा बारीक दोरा घालून दोन्ही हातांनी हळूहळू ओढत राहायचं. पहिलं अक्षर अलगद तळहातावर आलं. दुसरं आलं, तिसरं आलं. मागे त्यांचाच गोंद होता, घड्याळाच्या काचा बसवायचा, पिवळा पडलेला.

अक्षरांखालचा रंग मात्र कोरा करकरीत होता. बाकी गाडी धुऊन धुऊन विटलेल्या शर्टासारखी झालेली आणि तिथे तो गडद निळा, गाडी घरी आली त्या दिवसाचा. त्या दिवशी बायकोने तीन वेळा गल्लीला वळसा घालायला लावला होता आणि स्वतः मागच्या सीटवर बसली होती, मालकिणीसारखी ताठ. घड्याळजींना ती तशीच्या तशी दिसली. गाडी विकू नये असं त्यांना त्या क्षणी फार वाटलं.

चौथ्या अक्षरामागे दोरा वेगळाच चालू लागला, मऊ काहीतरी कापल्यासारखा. अक्षर सुटलं. मागे गोंद नव्हताच. दोन्ही बाजूंनी चिकटणारी पांढरी पट्टी होती, अगदी मापात कापलेली, आणि तिच्या कडा नागमोडी होत्या. तशी कात्री घरात एकच होती. बायकोची, शिवणकामाची. तिला हात लावायची कोणाची टाप नव्हती.

“कागदं खिशातून बाहेर डोकावतायत तुमच्या,” मागून बायको म्हणाली.

घड्याळजींनी मूठ मिटली, पण उशीर झाला होता. मग ती त्यांनी आपणच उघडली.

“कधी?” त्यांनी विचारलं.

“तिसऱ्या वर्षी. गाडी पुसताना हातात आलं. मागे तुमचा काचांचा गोंद. कंपनी काय तुमच्याकडून गोंद नेत होती?”

“मग त्यानंतरही बहिणीला दर वेळी मोठ्या इंजिनाची म्हणून का सांगायचीस?”

“तुम्ही तिथेच उभे असायचात ना.”

घड्याळजी पायरीवर टेकले. ती डिकीशी वाकली, बोटावर तेलाचा थेंब घेतला आणि मोकळ्या जागेवर राहिलेला गोंद चोळून काढू लागली. तिसरं वर्ष, तिसरं वर्ष, असं घड्याळजींच्या डोक्यात घोळत राहिलं.

दर सुट्टीत ते तिच्या आईकडे जायचे. वाटेत एक उभा चढ होता. त्याच सुमारापासून त्याच्या पायथ्याशी आलं की बायको गाडी थांबवायला सांगायची. बसून बसून अंग आंबलं, मी चालत येते म्हणायची. मुलांना उतरवायची, जड पिशवीसुद्धा खांद्याला लावायची. रिकामी गाडी मग ऐटीत चढून जायची आणि वरच्या वळणावर घड्याळजी दाराला टेकून त्यांची वाट बघत उभे राहायचे. मागे वळून बघितलं की ती खाली दिसायची, दोन मुलं दोन हातांना, घामाघूम. आमच्या हिला चालायची भारी हौस, असं ते लोकांना कौतुकाने सांगत आले होते.

“तो चढ,” ते म्हणाले. “तुला खरंच चालायला आवडायचं?”

बायकोने बोट थांबवलं नाही.

“दुसरीकडे कुठे चालत गेलेली बघितलीत का मला कधी?”