डाव्या फूटरेस्टचं रबर

शंभर सीसीची साधीसुधी गाडी, पण लिटरला पासष्ट द्यायची. ती आता पंचावन्नवर आली होती. नवऱ्याच्या गाडीची सर्व्हिसिंग करता करता मेकॅनिक बायकोचं डोकं फिरलं. एकट्याच्या वजनावर तिने लावून दिलेले मागचे शॉकअप कोणीतरी दोघांसाठी कडक केले होते. शिवाय मागच्या डाव्या फूटरेस्टचं रबर झिजून गुळगुळीत, उजव्याचं मात्र कोरं. म्हणजे दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसणारी कोणीतरी होती. आणि बायको तर स्वतःच्या गाडीशिवाय कुठे जायची नाही!

“मागे कोण बसतं रे?”

“कोण बसणार? माझा डबा.”

“डब्याला पाय फुटले वाटतं!”

दुसऱ्या दिवशी ती जळफळत त्याच्या मागावर गेली. गुडघ्याच्या व्यायामाच्या दवाखान्यापुढे गाडी थांबली आणि मागून उतरली ती तिची आई, भांडणानंतर दोन वर्षं लेकीशी एक शब्दही न बोललेली. जावयाच्या गालावरून हात फिरवत, त्याला काहीतरी सांगत आई खळखळून हसली.



मागे बसणारीवर जळत आलेली ती आता पुढे बसणाऱ्यावर जळू लागली.