तीन-एक

घड्याळजी आणि समोरच्या दुकानातला टेलर रोज सकाळी फुटबॉलवरून हमरीतुमरीवर येत.

"तुमचा गोलकीपर म्हणजे बंद पडलेलं घड्याळ!"

"आणि तुमचा बचाव? उसवलेली विजार!"

एकदा बरोबरीत सुटलेली मॅच पेपरात चुकून तीन-एक छापली गेली, तर टेलर त्यालाच चिकटून बसला. घड्याळजींनी महिनाभर त्याची टर उडवली.

टेलर गेला. घड्याळजी त्याच्या घरी जाऊन बसले.

"वहिनी, आता मॅचवरून भांडू कुणाशी?"

"भावजी, ह्यांनी जन्मात एक मॅच बघितली नव्हती. तुमच्या मिसेस गेल्या आणि तुम्ही सगळ्यांशी बोलणंच टाकलंत. तेव्हापासून रोज पेपरातलं खेळाचं पान पाठ करून दुकानात जायचे."



"तीन-एकच झाली होती, वहिनी," घड्याळजी म्हणाले. "मीच चुकलो."