गार पाण्याची बाटली

"वजन उतरवा, मग तुमची किडनी लेकीला देता येईल," असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून श्रीनिवास रोज पहाटे तळजाईची टेकडी चढायला जायचे. बाटलीत बर्फाचं पाणी उल्काताई स्वतः भरून द्यायच्या. परत यायचे तेव्हा टीशर्ट पाठीवर घामाने पिळून काढावा इतका भिजलेला. वजन मात्र हलत नव्हतं.

आज घाईत दोन सारख्याच थर्मास बाटल्यांची अदलाबदल झाली. घसा धरला म्हणून उल्काताईंनी स्वतःसाठी उकळतं पाणी भरलं होतं, तीच बाटली ते घेऊन गेले. लक्षात आल्यावर त्या फोन लावत राहिल्या, तोवर तेच कण्हत दारात उभे.

"अहो, जीभ दाखवा आधी!"

"जीभ नाही गं. पिताना अंगावर सांडलं."

"टीशर्ट काढा बघू."

छातीला काहीच झालं नव्हतं. मानेपासून कमरेपर्यंत पाठ लालबुंद झाली होती. रोज घाम असायचा, बरोब्बर तिथेच.

पिताना सांडलेलं पाणी पाठीवर कसं जाईल? हातातली मलमाची ट्यूब उल्काताईंनी न उघडताच टेबलावर ठेवली.

आतल्या खोलीतून अवनीने हाक मारली, "आई, बाबांचं वजन उतरलं का गं थोडं?"