जास्तीचं पद

सरोजाबाईंनी पिशवीतून नाचियारकोविलची पितळी समई काढली आणि चंद्रमौळी सरांपुढे ठेवली. शेजारी विड्याची पानं, केळी, नेसायची नवी वेष्टी.

सर खुलले. "ॲडमिशन मिळाली तर!"

"नाही मिळाली," सरोजाबाई म्हणाल्या. "म्हणोन काय गुरूस रित्या हातें भेटायचं?"

त्यांची लेक शरण्या दाराशीच उभी होती. फायनान्शियल इंजिनिअरिंगच्या मास्टर्ससाठी तिची ऑनलाइन मुलाखत सोमवारी झाली. त्यासाठी लागणारं गणित सरांनीच करून घेतलं होतं. कॉलेजात उभा जन्म कॅल्क्युलस शिकवून ते निवृत्त झाले होते. कुंभकोणमला गणित म्हटलं की लोक त्यांच्याच घराकडे बोट दाखवत.

"काय विचारलं गं?"

"शेअरच्या भावासारखी सतत थरथरणारी राशी, सर. तिच्या वर्गात, म्हणजे स्क्वेअरमध्ये, बदल किती होतो."

"मग? सोपं तर आहे."

"आपण केलं होतं तसंच लिहिलं. मुलाखत घेणारे म्हणाले, इथे नेहमीचं कॅल्क्युलस चालत नाही, उत्तरात एक पद जास्तीचं येतं. एवढा पाया नसेल तर पुढचं कसं झेपणार?"

वेष्टीवर ठेवलेला हात सरांनी मागे घेतला. ते पद त्यांना आठवलं. मागच्या महिन्यात शरण्यानं पुस्तकात पाहून ते लिहिलं होतं आणि त्यांनी लाल पेनानं खोडलं होतं. 'हे कुठून काढलंस? वर्गाचं डिफरन्सिएशन तू मला शिकवणार?' पुस्तकातलं ते प्रकरण त्यांनी कधी वाचलंच नव्हतं. येत नाही, असं म्हणायला जीभ रेटली नव्हती.

सरोजाबाई लेकीकडे वळल्या. "सरांनी एवढा जीव ओतला, अन् तुझं चित्त त्या फोनांत. नाक कापलंस त्यांचं."

"हो अम्मा," शरण्या खाली बघत म्हणाली. "माझीच तयारी कमी पडली."

सरांना ते ऐकवलं नाही.

"सरोजाबाई, तिनं बरोबर लिहिलं होतं. मी खोडलं. मला ते गणित येत नाही."

सरोजाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचे डोळे भरून आले.

"ऐकलंस?" त्या शरण्याला म्हणाल्या. "तुला बोल लागूं नये म्हणोन केवढं अंगावर घेतात!"

"अहो, खरंच सांगतो मी..."

"राहू द्या, सर. मला कळतं. शरण्या, पाया पड."

शरण्यानं पहिल्यांदाच सरांच्या डोळ्यांत पाहिलं. मग ती पुढे आली आणि वाकली.

सरांना पाय मागे घ्यायचे होते, पण पाठीशी भिंत होती.